पितळी डबे

मित्रहो, आज चिंतेबद्दल बोलायचं आहे, आणि ती झेपेनाशी झाली की मन काय काय करतं त्याबद्दल. मानसशास्त्र याला संरक्षण यंत्रणा म्हणतं. शब्द जड वाटतो, पण गोष्ट घरातलीच आहे. ऑफिसात साहेब ओरडला की घरी पोराच्या पाठीत धपाटा बसतो. वड्याचं तेल वांग्यावर. नोकरी मिळाली नाही की 'तिथं कोणाला जायचं होतं?' हे कोल्ह्याच्या द्राक्षांसारखंच. आपल्या म्हणींनी ही माणसं केव्हाच हेरली होती. पण म्हणी त्यांना हसतात, आणि तिथंच माझं म्हणींशी पटत नाही.

व्हिएन्नातले मनाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये मनाच्या या बचावाबद्दल लिहिलं. पुढे त्यांची मुलगी ॲना, जी आधी लहान मुलांची शिक्षिका होती, तिने १९३६ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि वडिलांना ऐंशीव्या वाढदिवसाला भेट दिलं. त्यातून मला कळलेलं सांगतो. हे सगळं आपल्या नकळत चालतं. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं. नाकारणाऱ्याच्या मनात ते खरं अजून शिरलेलंच नसतं.

दुसऱ्या महायुद्धात ॲना लंडनला हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवत होती. तिथल्या चार वर्षांच्या एका मुलाचे वडील हवाई हल्ल्यात गेले होते. तो ते मानायलाच तयार नव्हता. कागदाची घरं मांडायचा, त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकायचा, आणि दर वेळी आतली माणसं वेळेवर वाचायची. पुन्हा पुन्हा तोच खेळ. बऱ्याच महिन्यांनी एके दिवशी तो स्वतःच म्हणाला, बाबा परत येणार नाहीत. त्यानंतर तो खेळ थांबला.

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. तिच्या छातीत गाठ होती. 'चरबीची आहे रे,' म्हणायची. आणि रोज दुपारी माळ्यावरचे पितळी डबे काढून चिंचेनं घासत बसायची, आदल्याच दिवशी घासलेले असले तरी. मी तेव्हा नवा नवा शिकलेला. अशी गाठ कॅन्सरची असण्याची टक्केवारी तिला सांगितली, 'तू सत्य नाकारते आहेस' असंही सुनावलं. त्यानंतर तिनं माझ्यासमोर पदर कधी ढळू दिला नाही आणि गाठीचं नावही काढलं नाही. दोन महिने वाया गेले. ती चूक माझी होती. ज्या आधारावर ती उभी होती तोच मी काढून घ्यायला निघालो होतो, आणि बदल्यात हातात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तिच्या सुनेनं वेगळं केलं. ती शेजारी बसली, एक डबा ओढून घेतला आणि घासायला लागली. बराच वेळ दोघी गप्प. मग म्हणाली, "आत्या, मला फार भीती वाटते हो."

आत्याचा हात थांबला. "मलाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. निघताना आत्यानं तो अर्धा घासलेला डबा मोरीतच राहू दिला.