लाइन: जवसाच्या काडीतून निघालेला शब्द

(दृश्य: नागपूरच्या बेसा भागातलं बांधकाम, सकाळची वेळ)

"लाइनदोरी ताण बे!" गवंडीदादा वरून हाक देतात. खालचा पोरगा दोऱ्याचं टोक विटेला गुंडाळून घट्ट धरतो. दोरा ताठ होतो आणि विटांचा पुढचा थर त्याच्या कडेने बसू लागतो.

लाइनदोरी. हा शब्द जरा नीट ऐका. यात दोरी दोनदा आली आहे.

इंग्रजीतला लाइन हा शब्द आज आपण रेषा म्हणून ओळखतो, पण त्याचा जन्म शेतातला. रोमन लोक जवसाला लिनम म्हणत आणि जवसाच्या धाग्याला लिनिया. बांधकामावर तो धागा ताणायचा, त्याच्या आधाराने खूण करायची. होता होता धाग्याचं नाव त्या खुणेलाच चिकटलं.

(दृश्य: जवसाचं शेत, निळी फुलं)

जवस म्हटलं की विदर्भात आधी चटणी आठवते. तिखट, खमंग, भाकरीवर तेलाची धार. रब्बीतलं हे पीक आपण दाण्यासाठी घेतो. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याचे नवे वाणही तयार झाले. फुलं पाहायची तर सकाळीच शेतात यावं लागतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. युरोपात मात्र याच झाडाची उंच वाढणारी जात धाग्यासाठी पेरत. काड्या पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, मग आतला धागा सुटतो. ज्यांनी घरी अंबाडीचा वाख काढलेला पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून त्याला लायनिंग म्हणू लागले. आपल्या शिंपीकाकांच्या तोंडीही तोच शब्द.

इंग्रजीत लाइन दोन वाटांनी आला. जुन्या इंग्रजीत तो दोर या अर्थाने आधीच होता. पुढे फ्रेंच लिन्य येऊन त्यात मिसळला आणि रांग, वंश, सीमा असे अर्थ वाढत गेले. 'डेडलाइन'चा इतिहास मात्र अंगावर येतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगतळावर कैद्यांसाठी एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. आज आपण तो शब्द ऑफिसच्या कामासाठी किती सहज वापरतो!

(दृश्य: नागपूरचे रस्ते)

सैन्याच्या तळावर तंबू आणि बराकी ओळीने असत, त्या ओळींना लाइन्स म्हणत. मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. आज तिथे विधान भवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. त्याच चालीवर पोलीस लाइन टाकळी. मुंबईहून रेल्वेची लाइन नागपुरात 1867 मध्ये पोचली. पुढे इथेच हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकमेकांना छेदून गेले. नागभीडच्या अरुंद रुळांना लोक छोटी लाइन म्हणत. सीताबर्डीला मेट्रोची ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन भेटतात. आणि उन्हाळ्यात पंखा थांबला की घरोघरी एकच वाक्य: लाइन गेली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो सुतार. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा. सूत्र धरणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच पुढे झाला सुतार. व्याकरणाचा नियमही सूत्र, गणितातलंही सूत्र. म्हणजे रोममध्ये जवसाच्या धाग्याचं जे झालं, तेच आपल्याकडे सुताचं झालं. दोन्हीकडच्या कारागिरांनी धागा ताणला, आणि विद्वानांनी शब्द त्यांच्याकडून घेतला. याचं श्रेय कारागिरांना फारसं कुणी देत नाही, ते द्यायला हवं.

(दृश्य: पुन्हा बांधकाम, दुपार)

थर पूर्ण झाला आहे. भिंत सुतात आहे का, असं विचारल्यावर गवंडीदादा एक डोळा मिटून दोऱ्याकडे पाहतात. "दोन सूत बाहेर हाय," म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. थापीची मूठ विटेवर दोनदा हलकेच ठोकतात, वीट आत सरकते. पोरगा दोरा सोडवून वरच्या थराला बांधतो.