उलटवून पाहा

[दृश्य: काळा ट्रे, त्यावर पांढरे ठिपके]

ट्रेवर पीठ सांडल्यासारखं दिसतंय ना? यातला एकेक कण पाव ते अर्धा मिलिमीटरचा. बरीचशी वाळू आहे. उरलेली फोरॅमिनिफेरांची कवचं, म्हणजे समुद्रात राहून गेलेल्या एकपेशीय जीवांची; गाळाच्या थरांत ती जीवाश्म होऊन टिकली. पेशी एकच, पण घर अनेक कप्प्यांचं.

[दृश्य: चाळणी, पाण्याची बारीक धार]

कवचं हाती लागतात ती माती धुतल्यावर. वाळलेला नमुना थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजतो, मग 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर येतो. चिखल खाली वाहून जातो, कवचं वर राहतात. गोळे फुटत नाहीत म्हणून बोटांनी चोळलं, की पातळ भिंतींचा तिथेच भुगा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडनं काम लवकर उरकतं खरं, पण ते किंचित आम्लधर्मी असतं. जास्त वेळ राहिलं तर कवचाचं कॅल्साइट, म्हणजे ते ज्या चुनखडी खनिजाचं बनलेलं असतं ते, झिजतं, आणि सगळ्यात आधी जाते ती नाजूक नक्षी.

[दृश्य: निळी पडलेली चाळणी]

ही चाळणी निळी आहे, कारण दर नमुन्यानंतर ती धुऊन मिथिलीन ब्लूमध्ये बुडवतात. जाळीत अडकून राहिलेलं जुनं कवच निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळा कण दिसला, की तो मोजायचा नाही. ही एक बुडी टाळली तर एका थरातला जीव दुसऱ्या थरात ‘सापडतो’, आणि नंतर कितीही चांगलं भिंग आणलं तरी ती चूक पकडता येत नाही.

[दृश्य: ब्रशचं टोक, अगदी जवळून]

चिमट्यानं कवच चिरडतं, म्हणून 000 नंबरचा ब्रश. टोक जेमतेम ओलं हवं. जास्त ओलं झालं, की कण थेंबाबरोबर केसांत शिरतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फिरणारं कवच]

आता ओळख. आधी भिंत बघायची. वाळूचे कण चिकटवून बांधलेली आहे, चिनी मातीसारखी दुधाळ आहे, की काचेसारखी, बारीक छिद्रांची? जीवाश्म फसवतो तो इथेच. गाळात पडून कॅल्साइटचे स्फटिक नव्यानं घडले, की काचेरी भिंतही दुधाळ दिसू लागते. त्यामुळे एकाच कवचावर निकाल देऊ नये. त्याच नमुन्यातली बरी टिकलेली चार-पाच शेजारी ठेवावीत. कप्प्यांमधल्या शिवणी दिसत नसतील, तर पाण्यात खाण्याचा हिरवा रंग मिसळून एक थेंब सोडावा. रंग खाचांत उतरतो आणि शिवणी उठून दिसतात.

हे कवच दुधाळच आहे. या बाजूनं कप्पे मोजू: चार. उलटवलं, तर तीन. कडेचे दोन दोन्हीकडून दिसतात, म्हणजे बाहेरून एकूण पाच. ही क्विंक्वेलोक्युलिना, फोरॅमिनिफेरांचा एक वंश. फक्त दुसरी बाजू पाहिली असती, तर तीन मोजून ट्रायलोक्युलिना, म्हणजे दुसऱ्याच वंशाचं नाव, लिहून मोकळं होता आलं असतं. एकाच बाजूचा फोटो दाखवून नाव विचारलं, तर जाणकार गप्प बसतो तो यामुळे. लगेच नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तीन फोटो लागतात: दोन्ही बाजू, आणि टोकाकडून मुख.

[दृश्य: मुखाचा क्लोज-अप]

मुखात, म्हणजे कवचाच्या तोंडाशी, एक दात असतो; हा कवचाचाच पुढे आलेला भाग. प्रजाती ठरवताना त्याचा आकार पाहतात. इथे मुख गाळानं बुजलंय, दात दिसत नाही. टोचून काढायला गेलं तर काठ तुटेल. तेव्हा क्विंक्वेलोक्युलिना एवढंच लिहायचं, पुढे ‘एस. पी.’, म्हणजे प्रजाती ठरलेली नाही.

अशा नावांवरून थराचं वय आणि तेव्हाच्या समुद्राची खोली काढतात. तेलविहिरींतले थरही जुळवतात.

[दृश्य: काळ्या चौकटींची स्लाइड, पेन्सिलीनं लिहिलेला नमुना क्रमांक]

कवच चौकटीत बसतं ते ट्रॅगाकँथ डिंकाच्या पुसट थरावर. थर जाड झाला तर वाळताना आकसतो आणि कवचाला तडा जातो. हा डिंक पाण्यानं सुटतो. नाव पटलं नाही, तर ओल्या ब्रशनं कवच सोडवून पुन्हा उलटवता येतं.