आठवीनंतरचं दार

[दृश्य: एप्रिलची दुपार. नागपुरातल्या एका इंग्रजी शाळेचं ऑफिस, खिडकीपाशी रांग.]

डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय या दिवसांत नागपुरात कोणी बाहेर पडत नाही. रांगेत एक आई उभी आहे. हातात लेकीचं आठवीचं प्रगतिपुस्तक. नंबर आल्यावर ती विचारते, "मॅडम, माह्या पोरीले आतापर्यंत फी नव्हती. आता नववीचं कसं आहे जी?"

खिडकीतून एक छापील कागद बाहेर येतो. आई तो उभ्यानंच वाचते. मग बाजूच्या बाकावर बसून पुन्हा वाचते.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या, असं हा कायदा सांगतो. लॉटरीत नंबर लागला की घरात पेढे येतात. "पोरगी कॉन्व्हेंटले लागली," असं मोहल्लाभर होतं. (नागपुरात इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच. तिथे सिस्टर असोत वा नसोत.) पण कायद्याचं हे छत्र आठवीपर्यंतचं आहे. वर्ग तोच, मैत्रिणी त्याच, बाकही कदाचित तोच. नववीपासून मात्र पूर्ण फी.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं या प्रवेशांचे नियम बदलले. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळांना यातून सूट देण्यात आली. पालक कोर्टात गेले, आणि 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. आत शिरण्याच्या दारासाठी एवढी लढाई झाली. आठवीनंतर याच मुलांसमोर जे दार बंद होतं, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. हा व्हिडिओ त्यासाठीच केला आहे.

[दृश्य: मेट्रोचा डबा. आई आणि मुलगी खिडकीशी.]

मायलेकी आता दुसरी शाळा बघायला निघाल्या आहेत. पूर्व नागपुरातून प्रजापती नगरला मेट्रोत बसलं की शंकर नगर चौकापर्यंत गाडी बदलावी लागत नाही. मुलीच्या हायस्कूलसाठी ही गोष्ट लहान नाही. शहराबाहेरच्या रस्त्यांवर मोठ्या शाळा उभ्या राहिल्या, पण तिथे जायचं तर व्हॅनचा खर्च फीच्या वर येतो.

'खासगी शाळा' या एका शब्दात दोन वेगळ्या दुनिया आहेत. एक विनाअनुदानित, सगळा खर्च फीतून काढणारी. दुसरी अनुदानित, संस्था खासगी पण शिक्षकांचा पगार सरकारचा. धरमपेठ, महाल, सीताबर्डी या भागांत अशा कितीतरी जुन्या संस्था आहेत. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी शुल्क माफ असतं. नागपूरच्या कितीतरी पिढ्या याच शाळांनी घडवल्या. तरी प्रवेशाचा विषय निघाला की हल्ली त्यांचं नाव शेवटी येतं, याचं वाईट वाटतं.

अर्थात, ही उडी सोपी नाही. ही मुलगी आठ वर्षं इंग्रजीत शिकली. नव्या शाळेत सेमी इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, पण इतिहास, भूगोल मराठीत. घरी ती मराठीच बोलते, पण परीक्षेत पानभर मराठी लिहिणं वेगळं. सीबीएसईतून येणाऱ्या मुलांना आणखी एक बदल जाणवतो. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमितीच्या 40-40 गुणांच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. विज्ञानाचेही तसेच दोन भाग. म्हणून मंडळ बदलायचंच असेल, तर नववीतच बदला. सीबीएसईत नोंदणी नववीतच होते, आणि नववी-दहावी मिळून एकच टप्पा धरतात. दहावीच्या तोंडावर मंडळ बदलायला गेलं की अडचणी वाढतात.

आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला कायद्यानं मनाई आहे. नववीला ते बंधन उरत नाही, त्यामुळे कितीतरी शाळा गणित, विज्ञान, इंग्रजीचा पेपर घेतात. मे महिन्यात मुलांनी आठवीचीच पुस्तकं पुन्हा काढलेली बरी. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेवढा वेळ हातात असतो.

आणि दाखला. जुन्या शाळेनं दाखला अडवला म्हणून घरी बसू नका. टीसी नाही एवढ्यावरून सरकारी आणि अनुदानित शाळांनी दहावीपर्यंतच्या मुलांचा प्रवेश नाकारू नये, असा आदेश राज्यानं 2021 सालीच दिला आहे.

ज्यांना त्याच शाळेत राहायचं आहे, त्यांच्यासाठीही एक कायदा आहे, 2011 सालचा शुल्क विनियमन कायदा. प्रत्येक शाळेत शिक्षक-पालक संघ हवा, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि फी या समितीसमोर मांडायची. ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. तेव्हा खिडकीवर नुसतं "फी किती?" विचारून परत फिरू नका. समितीनं मंजूर केलेला कागद दाखवा म्हणा. त्यात नसलेले पैसे कोणी मागितले तर पावती मागा.

[दृश्य: अनुदानित शाळा. लांब व्हरांडा, दगडी पायऱ्या.]

मुख्याध्यापिका बाई प्रगतिपुस्तक बघतात. "गणित छान आहे हिचं. मराठी?"

मुलगी मान खाली घालते. "वाचते मी, मॅडम. लिहायला वेळ लागते."

"लागू दे. रोज एक पान लिहायचं, आणि मला आणून दाखवायचं."

आईला मात्र अजून काही विचारायचं आहे. फीच्या खिडकीतल्या त्या कागदानं तिला एवढं शिकवलं आहे.

"मॅडम, ते सायन्सची लॅब उघडून दाखवता का जी?"

बाई शिपायाला हाक मारतात. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालू लागतो, आणि मुलगी आईच्याही आधी त्याच्या मागे निघते.