टायरवरचा शेवटचा आकडा

नमस्कार मंडळी. आजचा विषय फळ्यावर लिहिलाच आहे: घरच्या मोठ्या गाडीला नवीन टायर आणि रिम घेताना काय बघायचं. मोठी गाडी म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या दारात इनोव्हाच, म्हणून उदाहरणं मी क्रिस्टाची देतो. आधी एक विचारतो. गाडीचे टायर कधी ना कधी बदललेत, त्यांनी हात वर करा. वा, अर्धा हॉल! आता टायरवर साइजच्या पुढे एक आकडा छापलेला असतो, तो ज्यांना पाठ आहे त्यांनीच हात वर ठेवा. दोन राहिले. मागचे काका, तुमच्या घरच्या ट्रका आहेत, तुम्हाला यात धरत नाही. म्हणजे एक.

त्या आकड्यासाठीच मी आज आलोय. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी टायर सेक्शनला. पण हा आकडा माझ्या जिवाला लागला तो वर्कशॉपमध्ये नाही, कशेडी घाटात.

२०१८ चे गणपती. आदल्या रात्री आम्ही आठजण थोरल्या भावाच्या क्रिस्टातून गावी निघालो होतो. जीएक्स मॉडेल, कंपनीचे १६ इंची टायर. पण महिनाभर आधी पुतण्याने हौसेने १८ इंची अलॉय रिम बसवून घेतले होते. दिसायला गाडी देखणी झाली होती, त्याबद्दल वाद नाही. मी दुकानाचं नाव घेणार नाही, पण त्या दुकानदाराने एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: गाडीत माणसं किती बसतात? तो त्याने विचारला नाही.

पोलादपूर सोडलं आणि पाऊस सुरू झाला. बोगदा तेव्हा नव्हता, जुन्याच घाटाने चढायचं. वळणावर पाण्याने भरलेला खड्डा, दिसला नाही. पुढचं डावं चाक त्यात गेलं आणि असा आवाज आला की आई मागून म्हणाली, "अरे, काय फुटलं?" तिच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेले गौरीचे मुखवटे होते, तिला वाटलं तेच गेले. मुखवटे शाबूत होते. टायर बाजूने करंगळी जाईल एवढा फाटला होता आणि रिमची कड आत दुमडली होती.

आता म्हणाल, स्टेपनी लावायची आणि निघायचं. मीही तेच म्हटलं. जॅक लावला, गाडीबरोबर आलेला पाना काढला, आणि पाना नटावर बसेना! बाहेरच्या अलॉयना नटाची भोकं अरुंद असतात, नट आत खोल बसतात. त्यांना पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. तो दुकानाने दिला होता. अलॉयच्या रिकाम्या खोक्यात होता, आणि खोकं घरी माळ्यावर. ३१ वर्षं चाकं काढलेला माणूस मी, भर पावसात हातात पाना घेऊन उभा, आणि चाक निघत नाही. आईचं वय तेव्हा ८२. तिने एकदाही तक्रार केली नाही, फक्त दर थोड्या वेळाने विचारायची, "भिजलास का रे?" ते मला आजही सहन होत नाही.

शेवटी एका टेम्पोवाल्याने खालून पंक्चरवाल्या पोराला पाठवलं. मोटारसायकलवर आलं, सदऱ्याच्या आत पिशवीत पाने. त्याने एक जुना सॉकेट दगडावर घासून घासून बारीक केला, हातोडीने नटावर ठोकला आणि एकेक नट सोडवला. पाच नटांना दीड तास. पैसे किती म्हटलं तर म्हणालं, "आज्जीला पोचवा आधी." त्या पोराला मी दर गणपतीला भेटून येतो. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे.

घरी आल्यावर मी फाटलेला टायर अंगणात घेऊन बसलो. साइज २२५/४५ आर १८, पुढे आकडा ९१. कंपनीचा होता २०५/६५ आर १६, आकडा ९५. हा आकडा किलो नाही, टायर किती भार पेलतो त्या तक्त्यातला क्रमांक आहे. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५. चार टायरचे आधी २७६० होत होते, आता २४६०. तीनशे किलो गेले! आता गाडीचं वजन धरा. रिकामी साडेअठराशेच्या आसपास, आठ माणसांचे ४८०, सामान, मखर, नारळ मिळून शंभर. झाले २४३०. सगळं वजन चारी चाकांवर सारखं वाटलं गेलं असतं तरी ३० किलोची फट. आणि ते सारखं नसतंच, भरलेल्या गाडीत तिसरी रांग आणि डिकी मागच्या चाकांवरच बसते. म्हणजे आईची सीट ज्या टायरांवर होती, ते त्यांच्या मर्यादेच्या वर चालले होते.

शिवाय टायरची उंची. पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा त्याच्या किती टक्के बाजूची भिंत. २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३ मिलीमीटर रबर. २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये तीन सेंटिमीटरहून जास्त गादी कमी झाली. आपल्या रस्त्यांवर ती गादीच कामाची असते. ती चेपली की आतले धागे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिरडतात. टायर तेव्हाच फाटला नाही तर पुढे त्याला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पण एसटीचं एक सांगू द्या, हे मला नेहमी विचारतात.) दोनच टायर नवे घेतले तर ते पुढे की मागे? एसटीत आम्ही नवा पुढे आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, मागे लावायचो, कारण मागे जोडचाकं असतात, एक गेला तरी शेजारचा तोलून धरतो. ते बघून लोक घरच्या गाडीलाही नवे पुढे लावतात. तसं करू नका. घरच्या गाडीला मागे एकेकच चाक. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा हाताला येते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि मग सावरणं कठीण. म्हणून नवे मागे.

आता भराभर सांगतो. कंपनीच्याच साइजचा टायर घ्या. रिम मोठीच हवी असेल तर क्रिस्टाच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच २१५/५५ आर १७ दिलाय. त्याचा बाहेरचा व्यास १६ इंचीपेक्षा जेमतेम पाऊण टक्का कमी भरतो, म्हणून स्पीडोमीटर फसवत नाही. त्याच्यापुढे जाऊ नका. भाराचा आकडा कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीच नाही. त्यापुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०. तेही खाली उतरू देऊ नका.

रिम घेताना पाच नटांचं वर्तुळ ११४.३ मिलीमीटर जुळलं म्हणजे झालं, असं दुकानात सांगतात. तेवढ्याने होत नाही. मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, घट्ट बसलं पाहिजे. मोठं असेल तर मध्ये रिंग घालून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवर पैसे घालत बसता. रिमवर ईटी म्हणून आकडा असतो, चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं ते माप, तो कंपनीच्या रिमच्या जवळपासचा हवा. फार कमी असेल तर चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण पडतो. रिम किती भार घेते तेही विचारा. नटाची बैठक सपाट की निमुळती, ती रिमशी जुळली पाहिजे. आणि नटावर उभं राहून आवळायचं नाही, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येतं त्या पान्याने, आवळून घ्या, शंभर किलोमीटरवर परत तपासा.

टायर नवा म्हणून विकतील, पण जन्मतारीख बघा. डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नक्षीच्या खाचेत आडव्या उंच पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलीमीटर उरले, तिथे कायद्यानेही संपला. हवा गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच. कमी हवेचा टायर चालताना जास्त चेपतो, चेपला की तापतो. समृद्धीवर ७०१ किलोमीटर काँक्रीट आहे, तिथे तासन्‌तास १२० ने पळताना तापलेला टायर तुम्हाला आधी सूचना देत नाही.

वेळ संपली, कळलं. एकच काम करूया. चहा झाला की सगळे खाली पार्किंगमध्ये या. टॉर्च मी आणलाय. प्रत्येकाच्या गाडीचा आकडा वाचू, स्टेपनीची हवा बघू, आणि ज्यांनी बाहेरचे अलॉय लावलेत त्यांचा पाना नटावर बसतो का, ते माझ्यासमोर बसवून दाखवा.