विकला गेला, पण त्याला कुणी सांगितलंच नाही

मंडळी, फिल्म न्वार, म्हणजे हॉलिवूडचे जुने काळोखे गुन्हेपट, म्हटलं की ओला रस्ता, तिरकी हॅट आणि नायकाला नादी लावणारी एखादी देखणी बाई डोळ्यांपुढे येते. आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचंय, त्यात अशी बाई नाही आणि खूनही नाही. 'द सेट-अप', १९४९ सालचा, आरकेओ स्टुडिओचा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. पुढे 'द साउंड ऑफ म्युझिक' केला तोच हा वाइज. तो चित्रपट घरोघरी पोचला, हा मात्र फार थोड्यांनी पाहिला, याची मला खरंच हळहळ वाटते.

स्टोकर थॉम्पसन हा पस्तिशीचा बॉक्सर. त्याचा उतरता काळ सुरू झालाय. एक ठोसा नीट बसला की दिवस पालटतील, असं तो बायकोला, ज्यूलीला, समजावतो. तो एक ठोसा कायमच बाकी राहणार, हे तिला कळून चुकलंय. इकडे त्याच्या मॅनेजरने आजची लढत आधीच विकलीय. एका गुंडाच्या माणसाकडून पन्नास डॉलर घेतलेत, आणि स्टोकरला याचा पत्ताच नाही. का? तर हा गडी तसाही हरणारच, मग सांगायचं कशाला आणि वाटा तरी द्यायचा कशाला! माझ्या दृष्टीने या चित्रपटाचा जीव इथे आहे. बेइमानी करायला लावावं, इतकीसुद्धा त्या माणसाची किंमत कुणी धरलेली नाही.

सुरुवातीला रस्त्यावरचं घड्याळ नऊ वाजून पाच मिनिटं दाखवतं. शेवटी सव्वादहा होऊन गेलेले असतात. चित्रपट सुमारे बहात्तर मिनिटांचा, म्हणजे पडद्यावरचा वेळ आणि आपल्या खुर्चीतला वेळ एकच. वाइज मूळचा संकलक, 'सिटिझन केन' हा गाजलेला चित्रपट त्याने कापलेला. पण इथे त्याने हातात कात्री असूनही आपल्याला थांबायला लावलंय. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येतं ते शेजारच्या नाचघरातलं आणि रस्त्यावरचं.

आणि आपण थांबतो कुठे, तर कपडे बदलायच्या खोलीत. ती खोली नीट बघा. एकेक जण हाताला पट्ट्या बांधून बाहेर जातो. कुणी जिंकून नाचत येतो, तर कुणाला उचलून आणतात. गनबोट जॉन्सन नावाचा एक मार खाऊन खाऊन बधिर झालेला बॉक्सर आहे. एक बॉक्सर एकवीसदा हरला आणि तरी पुढे विजेता झाला, ही गोष्ट तो जपमाळेसारखी सांगत राहतो. त्यालाही उचलूनच आणतात. स्टोकर हे सगळं बघतो. रॉबर्ट रायनचा चेहरा इथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि त्यातूनच सगळं कळतं. रायन स्वतः कॉलेजात हेवीवेट विजेता होता, त्यामुळे रिंगमध्ये त्याचे खांदे खोटं बोलत नाहीत.

प्रेक्षकांतही न्वार आहे. एक जाडा माणूस सतत खातोय. एक आंधळा माणूस सोबत्याकडून मारामारीचं वर्णन ऐकतोय आणि त्वेषाने ओरडतोय. कॅमेरा मिल्टन क्रॅस्नरचा. त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. फेऱ्यांची वेळ मोजणारा जो माणूस दिसतो, तो न्यूयॉर्कच्या रात्री टिपणारा प्रसिद्ध छायाचित्रकार वीजी.

शेवटच्या फेरीआधी स्टोकरला खरं काय ते कळतं. पुढे तो काय करतो, ते मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हा चित्रपट जोसेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या १९२८ सालच्या एका दीर्घ कथाकाव्यावर बेतलाय. त्या काव्यातला बॉक्सर काळा होता. स्टुडिओने त्याला गोरा केला, आणि मार्च यांना ते मुळीच रुचलं नाही. मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. रायनचं काम कितीही आवडलं तरी ही गोष्ट झाकता येत नाही. त्या खोलीत ल्यूथर हॉकिन्स नावाचा एक काळा तरुण बॉक्सर आहे, जेम्स एडवर्ड्सने केलेला. त्याला फारसे संवाद नाहीत. चित्रपट बघाल तेव्हा तो खोलीतून बाहेर पडताना आणि परत येताना त्याच्याकडे लक्ष असू द्या.