रिकाम्या दिसणाऱ्या मार्गिकेचा तंटा

श्रोतेहो, नमस्कार.

शहराची हवा स्वच्छ व्हावी, याला कोणाचा विरोध असतो? विरोध उभा राहतो तो रस्त्यावर बससाठी वेगळा पट्टा आखला जातो त्या दिवशी; कारण हवा सर्वांची असली तरी रस्त्याची रुंदी ठरलेली असते आणि बसला द्यायची जागा कोणाच्या तरी मोटारीच्या वाट्यातूनच काढावी लागते.

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे ५.८ किलोमीटरचा जलद बसमार्ग २००८ मध्ये सुरू झाला. सिग्नलपाशी खोळंबलेल्या मोटारचालकाला शेजारची बसमार्गिका बराच वेळ मोकळी दिसे. ती मोकळी असे, कारण प्रवाशांनी भरलेली बस तेथे न अडकता पुढे गेलेली असे. पण काचेआडून रिकामी जागा तेवढी दिसते, पुढे गेलेली माणसे दिसत नाहीत. अर्थात तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या, कारण थांबे रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रवाशांना वाहनांतून वाट काढत तिथवर जावे लागे. मार्गाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, तरी राज्य सरकारच्या निर्णयाने २०१६ मध्ये तो उखडला गेलाच.

विरोध करणारा प्रत्येक जण पर्यावरणाचा वैरी, असे समजण्याची घाई मात्र करू नये. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे रेल्वेच्या नव्या भुयारी स्थानकासाठी उद्यानातील जुनी झाडे तोडायची होती. ३० सप्टेंबर २०१० रोजी ती वाचवायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. तेथे हिरवाईचे नाव दोन्ही बाजूंच्या तोंडी होते.

स्टॉकहोमची गोष्ट मला यापेक्षा अधिक बोलकी वाटते. तेथे शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या मोटारींवरचे शुल्क जानेवारी ते जुलै २००६ एवढ्या काळापुरतेच लावून पाहिले गेले आणि वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली. मत मागण्याआधी लोकांना अनुभव दिला, ही त्यातली खरी चतुराई. सप्टेंबरमधील सार्वमतात शहरवासीयांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. परंतु आसपासच्या ज्या नगरपालिकांनी आपापले सार्वमत घेतले, तेथील एकत्रित कौल विरोधात गेला. मोकळे रस्ते शहरातल्यांच्या दारात आणि शुल्काचा भार बाहेरून मोटारीने येणाऱ्यांच्या खिशावर, तेव्हा सीमारेषा कोठे आखायची यावरच निकाल ठरत होता. त्याच महिन्यात देशात सत्तापालट झाला. नव्या सरकारने शुल्क ऑगस्ट २००७ पासून कायम केले खरे, पण त्यातून येणारा पैसा नवे रस्ते बांधण्यासाठी राखून ठेवला.