व्हॅरम पर्सी: गाव उठलं कसं?

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. आज तिथे सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च उभं आहे आणि गवताखाली जोत्यांचे उंचवटे आहेत. उन्हं कलली की सावल्या पडतात, आणि कुणाचं घर कुठे, परसू कुठे, वाट कुठे ते स्पष्ट दिसतं.

1950 साली इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी इथे खणायला सुरुवात केली. मग पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट आले आणि काम 1990पर्यंत चाललं. सुरुवातीचे अरुंद चर फसले, कारण दर काही वर्षांनी घर थोडं सरकवून पुन्हा बांधलेलं, भिंतीवर भिंत. मग आख्खं घर एकदम उघडायचं ठरलं, थरामागून थर.

आता हाडांचं ऐका. 1960च्या दशकात घरांच्या मधल्या खड्ड्यांत माणसांची हाडं सापडली. स्मशानात नव्हे, घरांच्या मधे! ती खोक्यांत राहिली. 2017 साली अभ्यास प्रसिद्ध झाला: 137 तुकडे, किमान दहा माणसं, लहान मुलंसुद्धा. हाडांवर सुरीचे घाव होते, काही जाळलेलीही होती. दुष्काळात माणसं खाल्ली असतील का? मांस काढताना घाव सांध्यांपाशी आणि मोठ्या स्नायूंपाशी पडतात. इथे ते डोकं-मानेभोवती जास्त. मग ही परकी माणसं होती का? माणूस जिथे वाढतो तिथल्या मातीतून, अन्नपाण्यावाटे दातांत उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याने सांगितलं, नाही, याच परिसरात वाढलेली. उरला एक तर्क: मेलेला उठून गावात फिरेल, रोगराई आणेल, म्हणून मुंडकं तोडायचं, जाळायचं. त्याच यॉर्कशायरातले इतिहास लिहिणारे धर्मगुरू विल्यम ऑफ न्यूबर्ग यांनी बाराव्या शतकात अशा फिरत्या प्रेतांच्या हकिकती लिहून ठेवल्यात. लक्षात घ्या, हा तर्क आहे. पण घावांच्या जागा त्याच्या बाजूने बोलतात. आणि हे कळलं ते हाडं खोक्यांत जपली होती म्हणून; म्हणूनच संग्रहालयांनी जुनी खोकी जागा अडते म्हणून कधीही टाकू नयेत, आणि ती जपायला संग्रहालयांना निधी मिळालाच पाहिजे.

तर गाव उठलं कसं? लोक पटकन प्लेगचं नाव घेतात. प्लेगने माणसं कमी केली, गाव उठवलं नाही. 1349च्या प्लेगनंतरही तिथे दीडशे वर्षं चुली पेटत होत्या. मजूर महागले, धान्य पिकवणं परवडेना, लोकरीला भाव आला. शंभर एकर नांगरायला कितीतरी हात लागतात, मेंढ्यांना एक मेंढपाळ पुरतो. 1500च्या सुमाराला जमीनदाराने उरलेली कुटुंबं हलवली आणि शेतं चराऊ कुरणं झाली. पुन्हा सांगतो, गाव मेंढ्यांनी उठवलं.

चर्चच्या भिंतीतही हे वाचता येतं. वस्ती वाढली तेव्हा दोन्ही बाजूंना दालनं जोडली, ओसरली तेव्हा पाडली आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत दिसतात.